चुडा भरीन तर ओसरीवर

बांगड्या विकणं वेगळं आणि बांगड्या भरणं वेगळं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. विकायला काय, कुणीही विकतं. गेवराईत आता काचेच्या कपाटांची दुकानं झाली. तिथली पोरं डबा उघडून समोर ठेवतात, बाई आपली आपण घालून बघते, नाही बसली की साबण लावते. त्याला भरणं म्हणत नाहीत. भरायचं म्हणजे समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबून मऊ करायचा, आणि तिला बोलण्यात असं गुंतवायचं की बांगडी कधी चढली ते तिला कळूच नये. बाई घाबरली की हात आखडतो, हात आखडला की काच तडकते. म्हणून मनेरणीचं, म्हणजे बांगड्या भरणारीचं, तोंड हातापेक्षा जास्त चालावं लागतं. माझं तर जन्मापासूनच चालतं, असं आमचे हे म्हणतात. त्यांना काय, ते सायकलीचं पंक्चर काढतात. ट्यूब काही उलटून बोलत नाही.

मी जैबुन. मणियारांच्या घरातली सून, राहायला तलवाड्यात. माझी सासू डोक्यावर पाटी घेऊन गोदाकाठची गावं पायी फिरायची. मी तिच्या मागं गाठोडं घेऊन चालत चालत शिकले. पुढं एसटीनं फिरले, मग जीपनं, आणि आता गुडघे बोलायला लागल्यावर आठवडी बाजार धरून बसते. या अंकाच्या संपादक बाई एकदा बाजारात आल्या, हातभर बांगड्या भरून घेतल्या आणि म्हणाल्या, चाची, तुम्ही बोलता तसंच लिहून द्या. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, लिहायला येतं. पण सगळ्या जन्माचं लिहीत बसत नाही, कुणाला वेळ आहे. दोन-चार माणसं सांगते आणि एक लग्न सांगते. खरं तर त्या लग्नासाठीच लिहायला बसले आहे.

आमच्या धंद्यात बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. ही पहिली शिकवण. दुसरी शिकवण अशी की चुडा भरून झाला की नवरी भरणारीच्या पाया पडते. हिंदूंच्या घरची ही जुनी रीत आहे. पहिल्यांदा एक नवरी माझ्यापुढं वाकली तेव्हा मी घाबरून मागंच सरकले. आमच्यात माणूस माणसापुढं वाकत नाही. घरी येताना सासूला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं येडी, वो तेरे पाँव नहीं पडती, चुड्याच्या पडती. तू बस दुआ दे." तेव्हापासून मी दुआ देते. भरल्या हातानं राहा, असं म्हणते. ती मराठीत पण दुआच होते.

हात बघून माणसाची जात कळते का, असं लोक मला कौतुकानं विचारतात. साफ खोटं. हात बघून काम कळतं. कापूस वेचणारीची बोटं टोकाला चिरलेली असतात, ऊसतोडीहून आलेल्या बाईच्या मनगटावर पाचटाचे ओरखडे असतात, मास्तरणीच्या बोटाला पेनाचा घट्टा असतो. जात कळते ती बाई तोंड उघडते तेव्हा. म्हणजे, आधी कुणाचा हात भरायचा, यावर ती भांडायला लागते तेव्हा.

एकदा गेवराईच्या बाजारात एक धनगरीण माझ्यासमोर बसली होती. मेंढरं घेऊन खालच्या मुलखातून परत आलेली, हाताला दुधाचा आणि लोकरीचा वास, मनगट माझ्या दोन मनगटांएवढं. तिला भरत होते तेवढ्यात एका मोठ्या वाड्यातल्या बाई आल्या, गाडीतून उतरून. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मनेरीणबाई, आमचं आदी उरका. हिला बसू द्या तिकडं, हिला काय घाई हाय." मी काही बोलायच्या आतच धनगरीण म्हणाली, "बाई, तुमची माडी तुमच्या गावात. बाजारात समद्यांचं बूड मातीतच." मला असं हसू फुटलं की हातातली बांगडी तडकली. वाढवली म्हणायला पाहिजे, पण त्या दिवशी ती फुटलीच. गाडीवाल्या बाई तरातरा निघून गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या, कारण बाजारात त्या दिवशी दुसरं कुणी भरणारं नव्हतं. धनगरणीनं सरकून त्यांना आपल्या घोंगडीवर जागा दिली. बसल्या की बाई, न बसून काय करतील.

तांड्यावरच्या लमाण बायका तर मलाच हसायच्या. त्यांच्या दंडापर्यंत जाड पांढऱ्या बांगड्या. एक म्हातारी मला म्हणायची, "तुझी काच बसून खाणारीची. आमी कोयता धरतो." तिचीच नात शाळेत जायला लागली आणि मैत्रिणींसारखी रंगीत काच पाहिजे म्हणून हट्टाला पेटली. म्हातारी लांब उभी राहून नाक मुरडत होती. मी पोरीच्या एका हातात भरून थांबले, तर तिकडूनच ओरडली, "एकच हात कावून भरतीस? पोर काय लुळी हाय का?"

ही झाली हसायची बाजू. दुसरी बाजू अशी की कित्येक घरांत माझ्यासाठी कान तुटलेला वेगळा कप असायचा, वळचणीला खोचून ठेवलेला. माझा हात त्यांच्या नवरीच्या हाताला चालायचा, माझे ओठ मात्र त्यांच्या कपाला चालायचे नाहीत. सासू सांगायची, तोंडावर राग दाखवायचा नाही, घरी जाऊन दाखव. मी घरी येऊन भांडी आपटायची. आणि आमच्यातलेही काही कमी नव्हते. माझी एक जाऊ म्हणायची, ही बघा, हळदी-कुंकवाच्या ताटाला ताट लावून बसते, हिचा भरवसा काय. त्याच जावेच्या दारात पारध्याच्या बायका पाणी मागायला आल्या की ती कडी लावून घ्यायची. म्हणजे खाली ढकलायला प्रत्येकाला कुणीतरी लागतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, ओसऱ्यांवर बसून बघितलं.

आता ते लग्न.

गाव गोदेच्या काठचं. नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही तिथं जायचं असतं. त्या गावात बापूंचं घर मोठं. जमीन, ट्रॅक्टर, सोसायटीची चेअरमनकी, निवडणूक आली की पुढाऱ्यांच्या गाड्या आधी त्यांच्या दारात. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला. मागं राहिली त्याची बायको मंदा आणि लहानगी पोर अश्विनी. मंदा नवरी होती तेव्हा तिचा चुडा मीच भरला होता. नवरा गेल्यावर तिनं पदर खोचला आणि वाट्याची जमीन स्वतः कसली. बापूंनी आधार दिला, खोटं कावून बोलू. पण सणावाराला मी त्यांच्या ओसरीवर बसले की घरच्या सगळ्या बायका हात पुढं करायच्या आणि मंदा फक्त चहा घेऊन यायची. कप ठेवायची, रिकामे उचलायची, आत जायची. विधवेच्या हाताला काच नाही आणि विधवेला मनेरणीनं ये बस म्हणायचं नाही, तिला दुखतं, ही पण आमची शिकवणच.

अश्विनी मात्र लहानपणापासून माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. एवढ्याशा हाताला बसतील अशा बांगड्या मी तिच्यासाठी मुद्दाम शोधून आणायची. ती मोठी झाली, शिकली, आणि बीडकडच्या एका नोकरीवाल्या घरात तिचं लग्न ठरलं.

लग्नाच्या थोडं आधी बापू बाजारात माझ्याकडं आले. आले ते आले, समोर पोत्यावर बसलेच. बापू बाजारात कधी खाली बसत नाहीत, त्यामुळं काहीतरी आहे हे मला तेव्हाच कळलं.

"चाची, पोरीचं लगीन हाय."

"ऐकलंय. हिरवा माल आणून ठिवलाय. लई सुंदर हाय, बघता का?"

"माल ऱ्हाऊ द्या. पाव्हणे जरा आजकालच्या वाऱ्याचे हायती. मोबाईलमधी काय काय येतंय तुमाला ठाव हाय. नवरदेवाची आत्या उष्टी हळद घिऊन येणार. घरात तिचाच शब्द चालतो. तिनं फोनवर इचारलं, चुडा भरणारी आपल्यातलीच हाय न्हवं? म्या म्हणलं, व्हय, कासारीण हाय आमची, पिढीजात."

"कोण कासारीण?"

"तुमीच की."

मी मालाचा डबा परत झाकला.

"येक टिकली लावायची बगा," बापू खाली बघून म्हणाले. "कुणी नाव इचारलं तर जयाबाई सांगायचं. येका दिसाचा परश्न. तुमी तर आमच्या घरच्याच."

"बापू, लग्नात नाव बदलतं ते नवरीचं. माझं लगीन कवाच झालंय."

"हसण्यावारी न्हिऊ नका, चाची."

"मग दुसरी बघा. खरीच कासारीण आणा. गेवराईत हायेत की."

"पोरगी ऐकंना! चाचीच पायजे म्हणती. आन् तिला न्हाई म्हणवत न्हाई मला." बापू पुढं सरकले. "सोयरीक मोडली तर? बिनबापाची पोर हाय. पुन्हा असं घर मिळंल का? माझ्याकडं बघू नका, तिच्याकडं बघा."

हे बोलून त्यांनी मला बरोबर पकडीत धरलं. नुसता हुकूम केला असता तर मी तिथंच चार शब्द ऐकवले असते. पण पोरीचं नाव घेतल्यावर काय बोलणार? मी म्हटलं, बघते. बापू उठले, धोतराची माती झटकली आणि गेले.

घरी सांगितलं तर आमचे हे भडकले. "कायकू जाती? नक्को जा. दुकानवाला भरेगा उनका चुडा." मुलगा म्हणाला, अम्मी, जया तर जया, एका दिवसानं काय होतंय, पोरीचं भलं होईल. दोघांचंही खरं वाटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या बांगड्या निवडायला बसले. नवरीच्या चुड्यातली एक एक बांगडी उजेडात धरून बघावी लागते, आत बारीक चीर असली तर ती ऐन लग्नात दगा देते. निवडता निवडता मनात एकच येत होतं. टिकली लावायला मला काही वाटणार नाही, कपाळ आहे, पुसलं की गेलं. पण इतकी वर्षं मी या गावांमधनं चालले ती जैबुन म्हणून चालले. कान तुटक्या कपातला चहा प्यायले तो जैबुन म्हणून प्यायले. पाया पडून घेतलं, दुआ दिली, ती जैबुन म्हणून. आता जया म्हणून एक चुडा भरला की त्या सगळ्या दिवसांत मी कोण होते? आणि एकदा जया चालली की मग जैबुनला पुढं कोण बोलावणार? प्रत्येक घर म्हणेल, त्या बापूंकडं लावली तशी टिकली लावून या.

मी उठले, जीप धरली आणि थेट बापूंच्या घरी गेले. ओसरीवर उभी राहून सांगितलं, बसले पण नाही.

"बापू, चुडा भरीन तर ओसरीवर. सगळ्यांदेखत. टिकली लावणार न्हाई. माझं मी होऊन कुणाला नाव सांगत सुटणार न्हाई, पण कुणी विचारलं तर खरं सांगीन. पटत असंल तर निरोप धाडा. न्हाई पटलं तर पोरीला माझी दुआ सांगा, माझा राग न्हाई."

आत मंदा भाकरी थापत होती, तिची थाप मी बोलत होते तेवढा वेळ थांबली होती.

संध्याकाळी फोन आला तो अश्विनीचा. "चाची, तुमी या." एवढंच म्हणाली आणि ठेवला.

हळदीच्या दिवशी मी गेले. दारात मांडव, आंब्याचे डहाळे, ओसरीवर सतरंजी. नवरदेवाकडून पाच बायका उष्टी हळद घेऊन आलेल्या. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आधी नवरदेवाला हळद लावतात, त्यातली उरलेली नवरीकडं आणतात आणि तीच नवरीला लावतात. त्याआधी नवरीचे हात चुड्यानं भरलेले पाहिजेत. आणि हळद घेऊन आलेल्या बायकांनाही बांगड्या भरायचा मान असतो.

आत्याबाई मधोमध बसल्या होत्या. मोठ्या हाडाची बाई, अंगावर सोनं, आवाज खणखणीत. मला वाटलं होतं खाष्ट असेल, तर बाई मोकळी निघाली. मी अश्विनीचा उजवा हात धरला आणि नेहमीसारखं बोलायला लागले. नवऱ्याला पहिल्या दिवशी चहा करून द्यायचा नाही, सवय लागते, असलं काहीबाही. आत्याबाई पोट धरून हसत होत्या. अश्विनीचा हात लोण्यासारखा सैल होता. बघता बघता उजवा हात कोपराकडं भरत गेला, एकही बांगडी वाढवली नाही. मी डावा हात धरला आणि पहिली बांगडी चढवली.

आत्याबाई खूश होऊन म्हणाल्या, "काय गं बाई हात हलका तुजा! आमच्याकडं पुढच्या साली धाकट्याचं लगीन हाय, तुलाच बोलावते. नाव काय तुजं?"

तिनं प्रेमानं विचारलं हो. हेच तर वाईट. संशयानं विचारलं असतं तर उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

बापू मांडवाच्या खांबाला टेकून फोनमध्ये बघत होते. त्यांनी मान वर केली. अश्विनीचा हात माझ्या हातात गार पडला. जया हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, ते पण लिहिते. आला आणि मी गिळला.

"जैबुन," मी म्हटलं. "तलवाड्याची मणियार."

आत्याबाईंनी पदर सावरला, माझ्याकडं बघितलं, मग बापूंकडं.

"तुमी तर कासारीण म्हणला व्हता."

बापूंनी फोन खिशात घातला.

"आमच्याकडं हे चालत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. मघाचा आवाज पार बदलला होता. "झाला तेवढा झाला. दुसरा हात आमी मानूस बोलवून भरू. उठा बाई तुमी."

"आत्या," अश्विनी बारीक आवाजात म्हणाली, "हात माजा हाय. चाचीच भरतील."

"मग हळद बी तुमची तुमीच लावा!" असं म्हणून आत्याबाईंनी हळदीचं ताट उचललं आणि उभ्या राहिल्या.

हळदीचं ताट उचललं म्हणजे काय, ते तिथल्या लहान पोरांनाही कळलं. बापू धावत माझ्याजवळ आले, खाली वाकून पुटपुटले, "चाची, उठा. पाया पडतो, उठा." घामानं सदरा भिजला होता त्यांचा. मला त्यांची दया आली. पण आमच्या धंद्यात धरलेला हात अर्धा सोडत नाहीत, आणि त्या हातात एकच बांगडी होती. पोरीचं लग्न माझ्यामुळं मोडलं तर या गावात मी कुठल्या तोंडानं येऊ, हाच विचार. तरी मी उठले नाही. उठले असते तर मला वाटतं पुन्हा कुठल्याच ओसरीवर बसले नसते.

तेवढ्यात आतून मंदा आली.

हळदीच्या जागी विधवा येत नाही. ती स्वयंपाकघरातच होती, हात पिठानं भरलेले. पदरानं हात पुसत ती ओसरीवर आली, बायकांच्या मधून वाट काढत आली आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. कुणीतरी म्हातारी कुजबुजली, "अगं मंदे, हळदीच्या येळंला..."

मंदानं तिकडं बघितलंच नाही. आत्याबाईंना म्हणाली, "ताई, ताट खाली ठिवा. खोटं आमी बोललो, चाची न्हाई बोलल्या. राग काढायचा तर आमच्यावर काढा."

मग माझ्याकडं वळली आणि तिनं आपला उजवा हात माझ्यापुढं केला.

"चाची, तुमी नाव लपवलं न्हाई. म्या हात कावून लपवू? पोरीचं झालं की मला भरा."

"मंदे!" बापू ओरडले.

"ओरडू नका बापू. पोर म्या वाढवली. नांगर म्या धरला. तवा कुणी म्हणलं न्हाई, विधवेच्या हातचं पीक अशुभ हाय."

आत्याबाई ताट धरून उभ्याच होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई होती, इतका वेळ एक शब्द न बोललेली. ती हळूच म्हणाली, "आलेली हळद माघारी न्हेत न्हाईत, बाई. नवरदेवाला बाधंल." आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. एक रीत मोडू नये म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या, आता दुसरी रीत त्यांना जाऊ देईना. शेवटी त्यांनी ताट खाली ठेवलं. माझ्यासाठी नाही ठेवलं, हळदीसाठी ठेवलं. चालतंय. मी काय कुणाचं मन बदलायला गेले नव्हते, चुडा भरायला गेले होते.

मी अश्विनीचा डावा हात पुरा भरला. मग मंदाचा हात धरला.

आणि माझी पंचाईत झाली. या सगळ्या गावांतल्या बायकांची मापं मला तोंडपाठ. मंदाचंही माप मला माहीत होतं, पण ते नवरी असतानाचं. तो हात आता राहिलाच नव्हता. सांधे जाड झालेले, तळव्याला घट्टे, अंगठ्याचं हाड खुरप्यानं बाहेर आलेलं. पहिली बांगडी गेली नाही. त्याहून मोठी घेतली, ती पण अडली. अशा वेळी मी बोलत राहायला पाहिजे होतं. मला बोलता येईना. मग मंदाच बोलायला लागली. वांगी कशी लागलीत, म्हैस कशी लाथ मारते, भाजी-माळव्याला काय भाव आहे. ती बोलत होती आणि मी दाबत होते आणि आम्ही दोघी रडत होतो. पेटीतलं सगळ्यात मोठं माप शेवटी तिच्या हातात गेलं. हिरवंच. लेकीच्या चुड्यातला रंग.

अश्विनी उठली, माझ्या पाया पडली, मग आईच्या. मी दोघींना मिळून दुआ दिली.

हळद लागली, दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. आत्याबाईंनी माझ्याकडून बांगड्या भरून घेतल्या नाहीत. त्यांच्याबरोबरच्या दोघींनी घेतल्या, त्यातली एक ती हळद माघारी न्यायची नाही म्हणणारी म्हातारी. सगळं गोड झालं असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण तसं झालं नाही. बापूंच्या मुलाच्या लग्नात गेवराईहून दुकानवाला बोलावला होता. बापू माझ्या समोरून गाडीवर जातात तेव्हा दुसरीकडं बघतात. त्याचं मला वाईट वाटतं. बापू वाईट माणूस नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही, ना पोरीला, ना पाहुण्यांना, आणि दोघांच्या मध्ये त्यांना मीच एक सापडले होते. अश्विनी माहेरी आली की माझ्याकडं येते. तिकडं सासरी कुणी विचारलं तर सांगते म्हणे, चाचीकडून भरल्यात. कोण चाची, ते पण सांगते का, हे मी विचारलं नाही. तिचं घर तिला सांभाळायचं आहे.

त्या गावच्या बाजाराला मी अजून जाते. आमचे हे म्हणतात, गुडघे धड नाहीत, दुसऱ्या गावी बस, तिथं गिऱ्हाईक तरी जास्त येतं. मी ऐकत नाही. बाजारात एक जागा एकदा सोडली की तिथं दुसरा कुणीतरी तिरपाल बांधतो आणि मग ती जागा आपली कधी होती, हे आपल्यालाच पटवून द्यावं लागतं. मी सकाळी लवकर जाते, झाडून घेते, पोतं अंथरते आणि बसते.

मंदाच्या बांगड्या शेतात टिकत नाहीत. दर थोड्या दिवसांनी तिचा हात रिकामा होतो आणि ती येते. या गावांमध्ये मला चाची म्हणणारे लई आहेत. त्या हळदीपासून नावानं हाक मारणारी ती एकटी. बाजारात शिरली की लांबूनच ओरडते, भाजीवाल्यांपासून चेअरमनच्या गाडीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:

"जैबुन! हाय का गं जाग्यावर?"

मी पण तेवढ्याच मोठ्यानं सांगते, "हाय!"